जुनं डिझेल मोटरहोम घेताय? आधी इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले मैल बघा

अमेरिकेत निवृत्तीला आलेली आपली बरीच मंडळी हल्ली मोटरहोम घ्यायच्या विचारात आहेत. मुलं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, आता स्वतःचं स्वयंपाकघर बरोबर घेऊन यलोस्टोनपासून फ्लोरिडापर्यंत निवांत फिरावं असं कुणालाही वाटेल. नवीन डिझेल पुशर, म्हणजे मागे इंजिन असलेलं मोठं मोटरहोम, सहज तीन-चार लाख डॉलरच्या घरात जातं. त्यामुळे सगळेच जुन्याकडे वळतात. आम्हीही वळलो आणि आम्हाला अगदी पद्धतशीरपणे फसवलं गेलं. ज्या रीतीनं फसवलं ती इतकी ठरीव आहे की पुढचा माणूसही तिच्यातच सापडेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

गाडी 2008 सालची, चाळीस फुटी. फ्रेटलायनरची चासी, कमिन्स आयएसएल इंजिन, अ‍ॅलिसनचा गिअरबॉक्स. फिनिक्सजवळ मेसामध्ये उभी होती. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘एकच मालक, 41,000 मैल, पत्नीच्या निधनामुळे विक्री.’ किंमत 79,000 डॉलर. संशय यावा इतकी कमी नाही आणि हातची सोडवेल इतकी जास्तही नाही. विकणारे गृहस्थ सत्तरीचे, बोलायला मृदू. बायकोच्या आठवणी सांगताना त्यांचा आवाज भरून येत होता. तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि या माणसाचा मला सर्वात जास्त राग येतो तो त्यासाठी.

आम्ही पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. ‘तुम्ही उन्हातून येणार म्हणून एसी लावून ठेवलाय,’ असं ते म्हणाले. डिझेल इंजिनाचा खरा स्वभाव कळतो तो रात्रभर थंड पडलेलं इंजिन सुरू करताना. किती वेळ फिरवावं लागतं, धूर कोणत्या रंगाचा येतो आणि किती वेळ टिकतो, यावरून जाणकार बरंच काही सांगतात. तापलेलं इंजिन हे सगळं झाकून टाकतं. मागच्या बेडचं झाकण उचलून त्यांनी स्वतःच डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल बघायची पट्टी, काढून दाखवली. तेल मधासारखं सोनेरी. ‘कालच बदललं, तुम्हाला खर्च नको,’ म्हणाले. डिझेल इंजिनातलं तेल थोडं चाललं तरी काळं पडतं. इतकं स्वच्छ तेल म्हणजे ते आत्ताच ओतलेलं. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर त्यात धातूचे कण किती, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, मिसळलंय का हे कळतं. ताज्या तेलात त्यातलं काहीच सापडत नाही.

आता मुख्य मुद्दा मैलांचा. हा नियम आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतो. गाडी विकताना ओडोमीटरचा, म्हणजे मैल मोजणाऱ्या मीटरचा, आकडा लिहून द्यायची सक्ती करणारा जो केंद्रीय कायदा आहे, त्यातून 16,000 पौंडांपेक्षा जास्त कमाल वजनक्षमतेच्या गाड्या वगळलेल्या आहेत. डिझेल पुशर जवळजवळ सगळे या मर्यादेच्या वर असतात. आमच्या गाडीची क्षमता 32,000 पौंड होती. कागदावर मैलांच्या जागी त्यांनी सूट असल्याचं लिहिलं आणि ‘सगळ्या मोठ्या मोटरहोमना असंच असतं’ असं सांगितलं. ते खरंच होतं, आणि एका खऱ्या वाक्याच्या आड त्यांना जवळजवळ लाखभर मैल लपवता आले.

गाडीचा इतिहास सांगणारा अहवालही आम्ही पैसे भरून मागवला होता. तो स्वच्छ आला. तसा येणारच होता, कारण मालकी बदलताना मैल लिहायचं बंधन नसेल तर अहवालात मैल येणार कुठून? जुन्या मोटारी विकताना डीलरला काचेवर खरेदीदारासाठीचा जो माहितीचा कागद लावावा लागतो, तो नियमही 8,500 पौंडांखालच्या गाड्यांसाठीच आहे. मोटरहोम त्यातही बसत नाही. गाडी जितकी मोठी आणि महाग, तितकं कायद्याचं संरक्षण कमी, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, मोंटानातल्या एका एलएलसीच्या, म्हणजे छोट्या खाजगी कंपनीच्या, नावावर होतं. मोंटानात विक्रीकर नसल्यानं बरेच लोक तिथे कंपनी काढून तिच्या नावानं मोटरहोम घेतात, त्यामुळे यात वावगं काही दिसत नाही. पण मग ‘एकच मालक’ म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. कंपनीचे व्यवस्थापक म्हणून त्या गृहस्थांनी सही केली आणि बँकेचा धनादेश घेतला.

परतीच्या वाटेवर, इंटरस्टेट 10 वर अ‍ॅरिझोनातल्या बेन्सनच्या पुढे टेक्सस कॅन्यनचा चढ लागतो. तिथे तापमानाचा काटा चढायला लागला. आम्ही वेग कमी केला, थांबलो, पुन्हा निघालो. असं करत न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसपर्यंत आलो आणि एका डिझेल वर्कशॉपमध्ये गाडी घातली. तिथल्या मेकॅनिकनं स्टिअरिंगखालच्या गोल, नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये केबल लावून लॅपटॉप उघडला. डॅशबोर्डवर 41,000 च्या आसपास मैल, आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये 1,38,600 मैल, 4,050 तास. नवरा बराच वेळ त्या पडद्याकडे नुसता बघत राहिला. मेकॅनिकनं मग टॉर्च लावून मीटरच्या पॅनेलचे स्क्रू दाखवले. त्यांच्या खाचा ताज्या ओरबाडलेल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं पॅनेल काढून इथे बसवलेलं होतं.

गाडी का तापली तेही तिथेच उघड झालं. इंजिनाच्या श्वासनळीतून येणारी तेलाची वाफ मागच्या रेडिएटरवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, आणि लाखावर मैलांनंतर जाळीच्या आतल्या बाजूला जाड थर जमतो. बाहेरून रेडिएटर धुऊन चकचकीत केलेला होता. आतली बाजू बघायला बेड उचलून खाली वाकावं लागतं. टायरांचं तसंच. नक्षी खोल, बाजू पॉलिशनं काळीभोर, पण टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, टायरच्या एकाच बाजूवर असतात आणि ती बाजू आत वळवलेली होती. गाडीखाली सरकून पाहिल्यावर कळलं की टायर 11 वर्षांचे होते. सहाही बदलावे लागले, प्रत्येकी पाचशे डॉलरच्या वर.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, पैशाचं बोलणं करण्याआधी इंजिनाचा कॉम्प्युटर वाचून घ्या. डिझेलचं काम करणारा कुठलाही जाणता मेकॅनिक हे करू शकतो आणि गाडीच्या किमतीपुढे त्याची फी काहीच नसते. मैलांना तासांनी भागा, म्हणजे ताशी सरासरी वेग मिळतो. हमरस्त्यावर चालवलेल्या मोटरहोमचा आकडा साधारण तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान येतो. मग जनरेटरचा तासांचा मीटर बघा, तो वेगळा असतो आणि पुष्कळदा लबाडाच्या लक्षातून सुटतो. आमच्या गाडीत तो 2,900 दाखवत होता. एवढ्या कमी फिरलेल्या गाडीत जनरेटर इतका चाललाच कसा, हा प्रश्न विकणाऱ्याला तोंडावर विचारा. इंजिन थंड ठेवा म्हणून आदल्या दिवशी कळवा, आणि तरीही ते तापलेलं सापडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा या. तेल ताजं असेल तर काहीशे मैल चालवून नमुना द्यायची अट घाला. तपासनीस स्वतः नेमा, विकणाऱ्यानं पुढे केलेला अहवाल घेऊ नका. टायटल कंपनीच्या नावावर असेल तर ती कंपनी आज जिवंत आहे का हे त्या राज्याच्या नोंदणीत बघा, आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र व राहत्या घराचा पत्ता घ्या. गाडी घरासमोर न दाखवता भाड्याच्या पार्किंगमध्ये दाखवली जात असेल तर समोरचा बहुधा मालक नसून मालकाच्या वेशातला दलाल असतो.

टेक्ससमधल्यांसाठी आणखी एक. 26,000 पौंडांवरच्या मोटरहोमला आपलं नेहमीचं लायसन्स चालत नाही, क्लास बी काढावं लागतं. गाडी घ्यायच्या आधीच काढा.

आम्ही त्या गृहस्थांना फोन केला तेव्हा नंबर बंद होता. एलएलसी विसर्जित झाली होती. वकिलानं सांगितलं की खटला भरता येईल, पण वसूल कुणाकडून करणार? ग्राहक तक्रार मात्र आम्ही नोंदवली, आणि ती नोंदवता आली ती एकाच कारणानं. जाहिरात व्यवहाराच्या रात्रीच उतरवली गेली होती, पण 41,000 मैल हा आकडा आणि ‘एकच मालक’ हे शब्द दिसतील असे तिचे स्क्रीनशॉट मी आधीच काढून ठेवले होते. तुम्हीही पहिल्या फोनच्या आधी ते काढून ठेवा, आणि मैल किती हे विकणाऱ्याकडून मेसेजवर लेखी मागा.