पल्सर १५० चा ऑइल फिल्टर : ऑनलाइनचा पाचाचा सेट घेऊन पस्तावलो, शेवटी नाना पेठेतच गेलो

गाडी माझी २०१४ ची पल्सर १५०, रोज पुण्यात हडपसर ते शिवाजीनगर, म्हणजे अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. ऑइल घरीच बदलतो, गेली चार-पाच वर्षं. फिल्टर पण प्रत्येक ऑइलला बदलतो, लोक म्हणतात एक सोडून एक चालतो, चालत असेल, पण शंभराच्या आतल्या वस्तूसाठी कशाला डोकं लावायचं.

तर मागच्या वेळी मला हुशारी सुचली आणि ऑनलाइन पाच फिल्टरचा सेट मागवला. कंपनीचं नाव देत नाही, डब्यावर सुद्धा धड नव्हतं. पाच मिळून दोनशेच्या आत, म्हणजे एक चाळीसला पण पडत नाही, मी खूश. बायको म्हणाली एवढे कशाला, म्हटलं पुढच्या दोन वर्षांची बेगमी झाली.

हातात घेतल्यावरच जरा शंका आली होती खरं तर. कागदाच्या घड्या एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ, दोन ठिकाणी गोंदाचे गोळे, आणि तोंडाचं रबर एकदम कडक, नख रुतत नाही असं. जुना काढलेला फिल्टर शेजारी ठेवून बघितला तर नव्याचं भोक डोळ्यांना दिसेल इतकं मोठं. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा फिल्टर म्हणजे कागदाची घडीदार नळी, ऑइल बाहेरून कागदातून गाळून आत जातं आणि मधल्या भोकातून पुढे इंजिनला. ते तोंडच सैल बसलं तर ऑइल कागदातून जाणारच कशाला, कडेने शॉर्टकट मारणार, आणि क्लच प्लेटचा भुगा, लोखंडाचा कीस सगळं परत इंजिनात फिरणार. म्हणजे फिल्टर असून नसल्यासारखा. तरी मी तो बसवला, कारण रविवारची दुपार, ऑइल काढून झालेलं आणि गाडी सोमवारी पाहिजेच. सोबत आलेली ओ-रिंग, म्हणजे झाकणाखालची रबराची गोल रिंग, पण त्याच माळेतली, आठवड्याभरात फिल्टरच्या झाकणाच्या खालून थेंब थेंब गळायला लागलं आणि पार्किंगमध्ये डाग, वर वॉचमनचं बोलणं. रिटर्नची मुदत तोवर संपलेली.

मग गेलो नाना पेठेत. तिथं टू-व्हीलरचे स्पेअर पार्ट मिळत नाहीत असं होत नाही, फक्त गाडी लावायला जागा मिळत नाही. एका छोट्या काउंटरवर फिल्टर मागितला तर काकांनी आधी विचारलं, "१५० का एनएस? साल कुठलं? जुना आणलाय का?" जुना आणला होता, त्यांनी बघून बजाजचा ओरिजिनल पुढे ठेवला, ८० रुपये, आणि आपणहून म्हणाले ओ-रिंग पण घेऊन जा, जुनी परत लावू नका, ती दबून चपटी झालेली असते. ओ-रिंग १५ रुपये. मी ऑनलाइनवाला दाखवला तर नुसते हसले, बोलले काही नाहीत.

तेवढ्यात शेजारी एकजण स्प्लेंडरसाठी फिल्टर मागत होता, त्याला काका म्हणाले, "अहो, तुमच्या गाडीला हा कागदी फिल्टर नसतोच, जाळी असते, ती धुऊन घ्यायची, आणि आत क्लचच्या बाजूला एक फिरता फिल्टर असतो, तो कव्हर उघडून साफ करतात." विकता आला असता की एखादा काहीतरी, पण नाही विकला. मला लगेच आठवलं, सासऱ्यांच्या स्प्लेंडरच्या सर्व्हिसिंगच्या बिलात एका गॅरेजवाल्याने 'ऑइल फिल्टर' लावून ११० रुपये घेतले होते! बिलं वाचत जा रे बाबांनो.

बसवायचं काम काही अवघड नाही. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची म्हणजे ऑइल पातळ होतं, जास्त तापवू नका, हात भाजतो. मेन स्टँडवर लावून खालचा चेंबर नट, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा बोल्ट, काढायचा, डबा आधीच खाली पाहिजे. मग उजव्या बाजूला क्लच कव्हरवर छोटं झाकण आहे, तीन बोल्ट, आठचा टी पाना. झाकण काढायच्या आधी खाली फडकं धरा, थोडं ऑइल तिथूनही येतं. जुना फिल्टर ओढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कुठली बाजू आत होती ते, मी एकदा विसरलो आणि अर्धा तास डोकं खाजवत बसलो. नव्या ओ-रिंगला बोटाने थोडं ऑइल लावा. आणि ते तीन बोल्ट, हे महत्त्वाचं, जीव खाऊन आवळू नका. बारीक बोल्ट आणि खाली ॲल्युमिनियम, एकदा आटे गेले की ८० रुपयांच्या कामाचे हजार होतात. तिन्ही हाताने लावून घ्या, मग थोडं थोडं आलटून पालटून.

ऑइल मी २०डब्ल्यू५० ग्रेडचं घालतो, मॅन्युअलमध्ये तेच लिहिलंय, डब्यावर जासो (ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ बघून घ्या. एमबी लिहिलेलं स्कूटरचं असतं, आपला क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागेल. भरल्यावर मिनिटभर चालू ठेवून बंद केली, थोडं थांबून लेव्हल बघितली, परत थोडं ओतलं. जळकं ऑइल गटारात ओतू नका प्लीज, मी ओळखीच्या गॅरेजला नेऊन देतो, त्यांच्याकडून ते ड्रमने उचललं जातं. गावाकडे आमचे काका लाकडाला वाळवी लागू नये म्हणून मागतात, तो वेगळा विषय.

आता १८०० किमी झाले, झाकण कोरडं ठणठणीत, पार्किंगची फरशी पण स्वच्छ. गिअर जरा मऊ पडतात असं वाटतंय पण ते नव्या ऑइलचं असणार, फिल्टरला श्रेय देत नाही.

ओरिजिनलला पाचपैकी चार, एक कापला कारण एवढी मोठी कंपनी, १५ रुपयांची ओ-रिंग त्याच पाकिटात टाकायला काय जातं? ऑनलाइनच्या सेटला एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून. काउंटरवाल्या काकांना पाच, पण रविवारी दुकान बंद असतं, शनिवारीच जाऊन या आणि ओ-रिंग दोन घ्या, एक हमखास हातातून निसटून गाडीखाली जाते.