‘डीमन स्लेयर’मधले तुम्ही कोण? बारा प्रश्नांच्या एका चाचणीचे परीक्षण

दिवाळीच्या सुट्टीत राहायला आलेल्या माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने मोबाईल माझ्या हातात दिला आणि ‘डीमन स्लेयर’ या जपानी चित्रकथेतल्या कोणत्या पात्राशी माझा स्वभाव जुळतो ते आत्ताच्या आत्ता शोधून काढ, असे फर्मावले. चाचणी मोफत होती. प्रश्न १२ होते, प्रत्येकाला चार पर्याय होते आणि शेवटी आठ पात्रांपैकी एकाचे नाव मिळणार होते. पुढच्या दोन दिवसांत आम्ही दोघींनी मिळून ती सात-आठ वेळा सोडवली. अशा चाचण्या अनेक ठिकाणी जवळजवळ याच रूपात आढळतात, म्हणून संकेतस्थळाचे नाव येथे देत नाही. परंतु वेळ घालवण्याचे साधन म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या या प्रकाराचे नीट परीक्षण व्हावे असे मला मनापासून वाटते, कारण ही चाचणी ज्या कथेवर बेतलेली आहे ती कथाच माणसाच्या स्वभावाची फार बारकाईने पारख करणारी आहे.

कोयोहारु गोतोगे यांची ही चित्रकथा ‘किमेत्सु नो याइबा’ या मूळ नावाने जपानमधील ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात फेब्रुवारी २०१६ ते मे २०२० या काळात प्रसिद्ध झाली आणि तिचे २३ खंड निघाले. २०१९पासून युफोटेबल या स्टुडिओने तिच्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी चलच्चित्र, मालिका केली. कथेचा काळ तैशो राजवटीचा, म्हणजे १९१२ ते १९२६च्या दरम्यानचा आहे. कोळसा विकून घर चालवणारा तान्जिरो एका सकाळी डोंगरावरच्या आपल्या घरी परततो, तेव्हा कुटुंबाची कत्तल झालेली असते आणि वाचलेली एकटी बहीण, नेझुको, स्वतःच राक्षस झालेली असते. तिला पुन्हा माणूस करण्याचा मार्ग शोधण्यासाठी तो राक्षसांशी लढणाऱ्या दलात दाखल होतो. या दलातल्या तलवारींचे पोलाद असे असते, की ती पहिल्यांदा हातात धरताच धरणाऱ्यानुसार तिच्या पात्याचा रंग बदलतो. तान्जिरोच्या हातात पाते काळे होते आणि त्याचा अर्थ नेमका काय, हे तलवार घडवणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणजे माणूस ओळखण्याची एक चाचणी कथेतच आहे आणि ती एकही प्रश्न विचारत नाही.

आमच्या चाचणीचे पहिले सहा प्रश्न मात्र आवडता रंग, आवडता ऋतू, हाती कोणते शस्त्र घ्याल, सुट्टीचा दिवस कसा घालवाल, असे आहेत. प्रश्न वाईट नाहीत, पण या कथेतल्या माणसांना एकमेकांपासून वेगळे करणारी गोष्ट त्यांतून हाती लागत नाही. ती माणसे वेगळी ठरतात ती भीतीला आणि दुःखाला सामोरे जाण्याच्या रीतीमुळे. तान्जिरोचा दलातला सोबती झेनित्सु भीतीने रडतो, पळून जायला बघतो आणि शुद्ध हरपल्यावर विजेसारखा लढतो. त्याच्या गुरूने शिकवलेल्या तलवारबाजीच्या सहा प्रकारांपैकी त्याला एकच जमला आहे आणि तो एकच त्याने अपार घोटला आहे. रानडुकरांत वाढलेला इनोसुके भीती वाटली की उलट अंगावर धावून जातो. शिनोबुच्या मनगटात राक्षसाची मान तोडण्याइतके बळ नाही, म्हणून ती विस्टेरियाच्या फुलांपासून केलेले विष वापरते आणि आतला संताप सतत हसऱ्या चेहऱ्यामागे ठेवते. ‘तुम्हाला राग आला की तो कोणाला दिसतो?’ एवढा एक प्रश्न असता, तरी शिनोबुसारखी माणसे त्यात अचूक सापडली असती.

रंगाच्या प्रश्नाला किती वजन दिले आहे ते पाहण्यासाठी मी एक प्रयोग केला. अकरा उत्तरे तशीच ठेवली आणि फक्त आवडता रंग पिवळ्याऐवजी निळा निवडला. पहिल्या वेळी मी झेनित्सु होते, दुसऱ्या वेळी गियू तोमिओका झाले. ज्याच्या तोंडाला क्षणाची उसंत नसते तो झेनित्सु आणि ज्याच्या तोंडून शब्द काढायला कष्ट पडतात तो गियू, या दोघांत एका रंगाचे अंतर असावे, हे कथा जिवाभावाने वाचलेल्या कोणालाही पटणार नाही. हा या चाचणीचा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो दुरुस्त करायला फारसे कष्टही लागणार नाहीत.

तरीही दोन्ही निकाल वाचताना ‘हो, हे माझ्याशी जुळते आहे’ असेच मला वाटले होते, ही गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. ‘तुम्ही वरून शांत असलात तरी आत खोल भावना बाळगता, आपल्या माणसांसाठी तुम्ही काहीही कराल’ हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला स्वतंत्र म्हणून जे स्वभाववर्णन दिले, ते प्रत्यक्षात सगळ्यांना एकच होते व त्यातला बराचसा मजकूर राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आमच्या चाचणीतली आठही वर्णने मी एकाखाली एक ठेवून वाचली, तेव्हा पात्रांची नावे झाकली तर कोणते कोणाचे हे ओळखता येईना. अपवाद फक्त इनोसुकेचा, कारण त्याच्या वर्णनात भूक आली होती.

आता नवव्या प्रश्नाबद्दल. तो एकटा प्रश्न वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ गप्प बसले. प्रश्न असा आहे : हरलेल्या, मरणाऱ्या शत्रूने तुमच्याकडे हात पुढे केला तर तुम्ही काय कराल? पर्याय : तो हात धराल, तोंड फिरवाल, शस्त्र सावरून वाट पाहाल, किंवा त्याने जे केले त्याची त्याला आठवण करून द्याल. कथा वाचलेल्यांना हा प्रसंग लगेच ओळखू येईल. दलाच्या निवडचाचणीत तान्जिरो ज्या अजस्र राक्षसाला मारतो, त्याचा विरत चाललेला हात तो आपल्या हातात घेतो आणि पुढच्या जन्मी हा राक्षस होऊ नये अशी प्रार्थना करतो. राक्षस हाही कधीकाळी माणूस होता, हे या कथेचे मर्म आहे. मराठी वाचकाला ते परके वाटू नये. खंडोबाला शरण आलेल्या मणी दैत्याला आपण जेजुरीला देवाजवळ जागा दिलेलीच आहे. ज्याने हा प्रश्न लिहिला त्याने कथा मनापासून वाचली आहे आणि बाराही प्रश्न त्याच्याच हातचे असते तर या परीक्षणाचा सूर निराळा झाला असता.

भाचीचा अनुभव माझ्यापेक्षा बोलका होता. नवव्या प्रश्नाला तिने क्षणात ‘हात धरेन’ हे उत्तर दिले. मात्र शस्त्राच्या, ऋतूच्या, मित्रांच्या प्रश्नांवर ती अडखळत राहिली, पर्यायांवरून बोट फिरवत राहिली आणि तीनदा ‘मावशी, तूच सांग ना’ म्हणाली. निकालात तिला रेंगोकू मिळाला, म्हणजे ज्याला आपले कर्तव्य ठरवताना कधी अडखळावे लागत नाही असा, धगधगत्या स्वभावाचा योद्धा. तिचा चेहरा उतरला. कारण तिला स्वतःला ठाऊक होते की ती कानाओ आहे : लहानपणी विकली गेलेली, स्वतःहून काही ठरवण्याची सवयच मोडलेली आणि सांगितलेले नसेल ते सारे नाणे उडवून ठरवणारी मुलगी. तान्जिरो तिचेच नाणे घेऊन उडवतो आणि छाप पडली तर यापुढे मनाचे ऐकायचे, असे तिला सांगतो, ते पान भाचीने मला दोनदा दाखवले होते. या चाचणीच्या आठ निकालांत कानाओचे नावच नाही आणि जिला चारांतून एक निवडणेच अवघड जाते, तिला ओळखण्याची काही सोयही नाही.

वापराच्या दृष्टीने सांगायचे तर चाचणी सोडवायला पाच मिनिटे लागतात, तिसऱ्या आणि आठव्या प्रश्नानंतर पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात येते आणि निकालाआधी ईमेल पत्ता मागितला जातो. तो न देताही कोपऱ्यातील बारीक अक्षरांतल्या दुव्यावरून पुढे जाता येते. मुलांच्या हाती चाचणी देण्याआधी पालकांनी तो दुवा त्यांना दाखवून ठेवावा. प्रश्न इंग्रजीत आहेत. २०२५ मध्ये या मालिकेचा नवा चित्रपट भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगू आवाजांतही प्रदर्शित झाला, पण मराठीत नाही, आणि आमच्या घरात कथेविषयीची सारी चर्चा मराठीतच चालते.

चाचणी तयार करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की रंग आणि ऋतू काढून टाकावेत, नवव्यासारखे आणखी तीन-चार प्रश्न लिहावेत, निकालांत कानाओला जागा द्यावी आणि प्रत्येक प्रश्नाखाली ‘ठरवता येत नाही’ हा पाचवा पर्याय ठेवावा. भाचीने तो तिच्या वहीत काढलेल्या चाचणीत ठेवला आहे आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने एक लहानसे नाणे रेखाटले आहे.