मायएसक्यूएल ८.४ : बदललेल्या लॉगिनचे परीक्षण

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरची एप्रिल २०२४ मध्ये आलेली ८.४ ही आवृत्ती नागपुरात गांधीबागेतल्या औषधांच्या घाऊक दुकानांच्या सर्व्हरवर मी चालवतो आहे. वेग आणि बॅकअप या दोन्ही बाबतींत ती समाधानकारक आहे. अपग्रेडनंतर घोळ होतो तो लॉगिनच्या वेळी, म्हणून हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

५.७ वरून थेट ८.४ वर जाता येत नाही, मध्ये ८.० चा टप्पा घ्यावा लागतो. नेमका हाच टप्पा फसवा आहे. ८.० मध्ये नव्या खात्यांसाठी ‘कॅशिंग_शा२_पासवर्ड’ ही पासवर्ड तपासण्याची पद्धत आली, पण आधीची खाती ‘मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड’ या जुन्या पद्धतीवर तशीच राहिली. त्यामुळे सगळे सुरळीत चालते आणि दुकानदाराला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. ८.४ मध्ये मात्र जुनी पद्धत मुळातच बंद असते. बिलाच्या काउंटरवर एरर १५२४ उमटते आणि पासवर्ड बरोबर असूनही आत जाता येत नाही. रूट खातेही (सर्व्हरचे मुख्य प्रशासकीय खाते) जुन्याच पद्धतीवर असेल, तर दुरुस्तीची वाटही तेवढ्यापुरती बंद होते.

तरीही हा बदल योग्यच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या पद्धतीत दोन खात्यांचा पासवर्ड एकच असेल तर साठवलेला हॅशही (पासवर्डपासून बनवलेला सांकेतिक मजकूर) एकच निघतो; नव्या पद्धतीत प्रत्येक खात्याला वेगळे सॉल्ट (पासवर्डमध्ये मिसळला जाणारा यादृच्छिक मजकूर) मिळते आणि हॅशिंगच्या मूळ सेटिंगप्रमाणे ५००० फेऱ्या होतात. ग्राहकांची उधारी आणि औषधांचा साठा ज्या डेटाबेसमध्ये आहे, त्याला एवढे संरक्षण हवेच.

म्हणून ८.० वर असतानाच ‘मायएसक्यूएल.यूजर’ या टेबलातला ‘प्लगिन’ हा रकाना पाहावा आणि जुन्या पद्धतीवरचे प्रत्येक खाते ‘ऑल्टर यूजर’ या आज्ञेने बदलून घ्यावे. जुना हॅश नव्या पद्धतीत रूपांतरित होत नाही, पासवर्ड नव्यानेच द्यावा लागतो. आणि तो बहुतेक वेळा बिलिंग सॉफ्टवेअर देणाऱ्यालाच ठाऊक असतो, तेव्हा त्याला आधीच सोबत घ्यावे. कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगिन’ची ओळ राहिली असेल तर तीही काढावी, कारण ८.४ ते सेटिंग ओळखत नाही आणि सर्व्हर सुरूच होत नाही.

सर्वांत चकवणारा दोष सकाळी दिसतो. नवी पद्धत यशस्वी लॉगिनची नोंद सर्व्हरच्या मेमरीत ठेवते आणि पुढची लॉगिन झटपट होऊ देते. रात्री सर्व्हर बंद केला की ती नोंद पुसली जाते. सकाळच्या पहिल्या लॉगिनला टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित) जोडणी किंवा सर्व्हरची पब्लिक की (पासवर्ड सांकेतिक करून पाठवण्यासाठीची किल्ली) लागते. जावावर चालणाऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये टीएलएस बंद ठेवलेले असेल, तर ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’ असा संदेश येतो. मग तंत्रज्ञ येतो, त्याच खात्याने टर्मिनलवरून लॉगिन करतो, त्याची जोडणी टीएलएसवर असल्याने नोंद मेमरीत तयार होते आणि बिलिंगही चालू लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंटरनेटवर सांगितला जाणारा ‘अलाउ पब्लिक की रिट्रीव्हल’चा, म्हणजे ती की सर्व्हरकडून मागवू देण्याचा, उपाय मी सुचवणार नाही, कारण मध्येच बसलेला कोणी स्वतःची की पुढे करून पासवर्ड पळवू शकतो. ड्रायव्हरच्या (बिलिंगला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये टीएलएस चालू करणे हाच खरा इलाज आहे.

जुना ड्रायव्हर बदलणे शक्यच नसेल, तर कॉन्फिगमध्ये ‘मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड=ऑन’ लिहून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास काम निभते. पण जुलै २०२४ च्या ९.० मधून ही पद्धत पूर्णपणे काढून टाकलेली आहे, त्यामुळे ही सवलत ८.४ पुरतीच आहे. पीएचपीवर चालणारे बिलिंग असेल तर पीएचपीची ७.४ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी. नवी पद्धत तिथे अडत नाही. बिलिंग सॉफ्टवेअर देणारा ‘जुनेच चालू द्या’ म्हणत असेल, तर नव्या ड्रायव्हरची तारीख त्याच्याकडून लेखी घ्यावी आणि तोवर वार्षिक देखभालीचे पैसे देऊ नयेत.