कणांच्या तीन पिढ्या आणि स्पेक्ट्रम: प्रोजेक्टसाठी कुठला रस्ता धरायचा?

कणांच्या पिढ्या, म्हणजे एकाच साच्याच्या कणांच्या जड होत जाणाऱ्या प्रती, तीन आहेत; त्यांचं कोडं स्पेक्ट्रममधून सुटेल का, यावर प्रोजेक्ट करायचा असेल तर कुठला रस्ता धरायचा ते बघू. वस्तुमानं एमईव्ही या एककात: इलेक्ट्रॉन ०.५११, म्यूऑन १०५.६६, टाऊ साधारण १७७७. चार्ज तोच, स्पिन तोच, फरक फक्त वस्तुमानात. त्यामुळे विषय शोधणाऱ्या कुणालाही पहिलं हेच सुचतं की हे तिघं म्हणजे एकाच ऑपरेटरच्या (लाटांवर चालणाऱ्या गणिती क्रियेच्या) तीन आयगेनव्हॅल्यू (तिच्या ठराविक किमती; त्यांची यादी म्हणजे स्पेक्ट्रम) असणार, एकाच तारेचे तीन सूर. सुचू दे, पण त्या वाटेला लागू नका. वर्तुळावरच्या लाटांचा स्पेक्ट्रम ०, १, २, ३ असा सारख्या अंतरानं चढत जातो, आपल्याला हवंय १ : २०७ : ३४७७, आणि वर तिसऱ्यावरच का थांबायचं ते कोण सांगणार? सर्नच्या लेप कोलायडरनं तर झेड बोसॉनच्या क्षयावरून हलके न्यूट्रिनो (दर पिढीला एक) तीनच आहेत हे मोजून ठेवलंय. शिवाय म्यूऑन हा उत्तेजित इलेक्ट्रॉन असता तर फोटॉन सोडून खाली आला असता, तो क्षय आजवर एकदाही दिसलेला नाही.

म्हणजे प्रश्न दोन आहेत, पिढ्या तीनच का आणि वस्तुमानं अशीच का. तुम्हाला कुठला छळतोय ते आधी ठरवा, कारण दोन्हीचं उत्तर एकाच ठिकाणी मिळत नाही.

गणिताची आवड असेल तर कॉन आणि शमसेद्दीन यांचं स्पेक्ट्रल ॲक्शन (१९९६). दिसायला सगळ्यात देखणं हेच. भूमिती डिराक ऑपरेटरच्या (इलेक्ट्रॉनसारख्या कणांच्या समीकरणातल्या ऑपरेटरच्या) स्पेक्ट्रममधून वाचायची, नेहमीच्या अवकाशकालाला एक छोटी अंतर्गत भूमिती जोडायची, की गुरुत्व, गेज बोसॉन (बलं वाहणारे कण), हिग्ज (बाकीच्या कणांना वस्तुमान देणारा) सगळं एकाच सूत्रातून बाहेर येतं. पण त्या अंतर्गत डिराक ऑपरेटरच्या आत डोकावलं की काय दिसतं, तर आपल्याच युकावा मॅट्रिक्स (हिग्जमुळे कुणाला किती वस्तुमान मिळतं त्याचे आकडे), आणि पिढ्या ३ हेही हातानंच घातलेलं! वस्तुमानांवर अट मिळते ती एकच: युनिफिकेशनच्या (बलं एक होतात त्या) ऊर्जेला सगळ्या फर्मिऑनच्या (पदार्थाच्या कणांच्या) वस्तुमानांच्या वर्गांची बेरीज (क्वार्क तीनदा मोजून) ही डब्ल्यू बोसॉनच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या ८ पट. त्या बेरजेत टॉप क्वार्कच सगळं खाऊन टाकतो, इलेक्ट्रॉनबद्दल काहीच हाती लागत नाही. हिग्ज साधारण १७० जीईव्हीला (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही) सांगितला होता, २०१२ मध्ये सापडला १२५ ला, मग आधी बाजूला ठेवलेलं एक स्केलर फील्ड (हिग्जसारखं, दिशा नसलेलं क्षेत्र) परत आणून जुळवाजुळव झाली. निदान आकडा देऊन चुकले, हे मी जमेच्या बाजूला धरतो.

माझं मत विचाराल तर जास्तीच्या मितींमधले झिरो मोड (आयगेनव्हॅल्यू शून्य असलेल्या लाटा) घ्या. इथे गंमत अशी की तिन्ही पिढ्यांची आयगेनव्हॅल्यू एकच, शून्य! निव्वळ किती झिरो मोड (डावे वजा उजवे) ते अतिया-सिंगर प्रमेयातला इंडेक्स हा पूर्णांक ठरवतो, म्हणजे आकार थोडा दाबला-ताणला तरी ३ चे ४ होत नाहीत. स्ट्रिंग थिअरीवाल्यांनी १९८५ मध्ये हेच केलं, कालाबी-याऊ आकाराच्या (जास्तीच्या मिती गुंडाळून झालेल्या आकाराच्या) ऑयलर संख्येचं (दाबला-ताणला तरी न बदलणाऱ्या पूर्णांकाचं) निम्मं, चिन्ह सोडून, म्हणजे पिढ्या, त्यामुळे −६ वाला आकार मिळाला की ३. वस्तुमान येतं ते प्रत्येक मोड हिग्जवर किती पसरलाय त्यावरून, आणि हे पसरणं घातांकी असतं, तर टाऊ आणि इलेक्ट्रॉनमधला ३४७७ चा फरक पाडायला घातांकात फक्त ८.१५ चा फरक पुरतो. रँडल-संड्रम पद्धतीच्या (एकच वाकलेली जास्तीची मिती असलेल्या) मॉडेलमध्ये हे वहीत सोडवता येतं. कमजोरी उघड आहे, ते घातांक कोण ठरवतं? साध्या मॉडेलमध्ये आपणच. आणि −६ वालाच आकार का, हाही प्रश्न उरतोच.

राहिलं जपानी भौतिकशास्त्रज्ञ कोइडे यांचं सूत्र. तिन्ही लेप्टॉनच्या (म्हणजे इलेक्ट्रॉन, म्यूऑन, टाऊ यांच्या) वस्तुमानांची वर्गमुळं काढा: ०.७१५, १०.२७९, ४२.१५. बेरीज ५३.१५, तिचा वर्ग साधारण २८२५, वस्तुमानांची बेरीज १८८३, भागाकार ०.६६६७. दोन तृतीयांश! सूत्र आलं तेव्हा टाऊ १७८४ च्या आसपास मोजला जात होता, नंतर मोजमापच सूत्राकडे सरकलं. ही वर्गमुळं ३×३ सर्क्युलंट मॅट्रिक्सच्या (जिची प्रत्येक ओळ म्हणजे वरचीच ओळ एक घर सरकवलेली) आयगेनव्हॅल्यू म्हणूनही लिहिता येतात, त्यामुळे स्पेक्ट्रल म्हणायला हरकत नाही, पण ३ तिथे मॅट्रिक्सच्या आकारातच बसलाय, आणि क्वार्कना हे इतकं नीट लागू पडत नाही. वीकेंडला खेळायला मस्त, पण प्रोजेक्ट यावर उभा केलात तर गाइड विचारणारच की यामागे डायनॅमिक्स कुठलं, आणि त्याला सर्वमान्य उत्तर अजून नाही.