स्ट्रीटकम्प्लीट, काही महिने वापरल्यावर: बाकी सगळं झकास, पण तो फूटपाथचा प्रश्न!

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे काय, खातं कसं काढायचं, अ‍ॅप कुठून उतरवायचं, हे इथे सांगत बसत नाही. ज्यांना चालता चालता नकाशात भर घालायची आहे त्यांनी ते कधीच केलेलं असतं. एका ओळीत इतकंच: ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम) हा लोकांनी मिळून बनवलेला मुक्त नकाशा, आणि स्ट्रीटकम्प्लीट हे साध्या प्रश्नांची उत्तरं देत त्यात भर घालायचं अँड्रॉइड अ‍ॅप. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या भांडारातही मिळतं. पुण्याच्या रस्त्यांवर ते कुठे चालतं आणि कुठे अडतं, एवढाच या लिखाणाचा विषय.

निमित्त एकाच प्रश्नाचं आहे. "या रस्त्याला फूटपाथ आहे का?" स्क्रीनवर रस्त्याच्या दोन बाजू दिसतात, डावीकडे बोट लावा, उजवीकडे बोट लावा, झालं. आता एखाद्या आतल्या रस्त्याचा बदलांचा इतिहास ओएसएमच्या संकेतस्थळावर उघडून पाहा. एकाने "दोन्हीकडे" म्हटलेलं असतं, मग दुसऱ्याने "नाही", मग तिसऱ्याने "फक्त डावीकडे". कुणीही खोटं बोललेलं नसतं. जो जिथे उभा होता तिथे ते उत्तर खरंच होतं.

भानगड अशी की नकाशात तो अख्खा रस्ता म्हणजे एक रेघ. ती रेघ पाच-सहाशे मीटर लांब असू शकते आणि एका टोकाला उभं राहून दिलेलं उत्तर सगळ्या रेघेला चिकटतं. ज्या शहरात फूटपाथ चौकापासून चौकापर्यंत अखंड असतो तिथे हे चालून जातं. आपल्याकडे फूटपाथ सोसायटीच्या फाटकापर्यंत येतो, उताराखाली गायब होतो, झाडाच्या पाराभोवती पुन्हा उगवतो, महावितरणच्या डीपीला धडकून संपतो आणि पुढच्या बंगल्यासमोर वेगळ्या रंगाच्या पेव्हर ब्लॉकमध्ये पुन्हा सुरू होतो. याला "आहे" म्हणायचं की "नाही"?

उपाय अ‍ॅपमध्येच आहे, फक्त दडवून ठेवल्यासारखा. प्रश्नाच्या पट्टीवर मुख्य उत्तरांच्या शेजारी इतर उत्तरांचं बटण असतं. ते दाबलं की "रस्त्यावर ठिकठिकाणी वेगळं आहे" अशा अर्थाचा पर्याय येतो आणि तो निवडल्यावर कात्री हातात येते. नकाशा पूर्ण जवळ आणायचा, फूटपाथ जिथे संपतो तिथे रेघेवर बोट ठेवायचं आणि कापायचं. मग प्रत्येक तुकड्यासाठी प्रश्न वेगळा विचारला जातो. त्या रेघेवरून बसमार्ग जात असेल तर दोन्ही तुकडे त्या मार्गात राहतील याची काळजी अ‍ॅप स्वतः घेतं. हे काम हाताने करायचं म्हणजे डोकेदुखी, त्यामुळे इथे दाद द्यायलाच हवी.

कापताना पथ्यं आहेत. निळ्या ठिपक्यावर विसंबून कापू नये. मोकळ्या मैदानात फोनचं जीपीएस तीन ते पाच मीटरच्या आत दाखवतं, पण सदाशिव किंवा शनिवार पेठेत दोन उंच भिंतींमधल्या बोळात ते सहज दहा-वीस मीटर भरकटतं. त्यापेक्षा नकाशावर आधीच काढलेल्या इमारतीचा कोपरा, वळण किंवा गल्लीचं तोंड पाहून जागा ठरवावी. दुसरं म्हणजे फाटकासमोरचा उतार हा फूटपाथ संपल्याचा पुरावा नव्हे. तीसेक मीटरच्या आतला खंड असेल तर कापू नये, नाहीतर एका रस्त्याचे पंधरा तुकडे होतात आणि पुढचा नकाशाकार शिव्या घालतो. तिसरं, कापणं नकाशात पाठवलं जाण्याआधीच मागे घेता येतं, एकदा गेलं की अ‍ॅपला ते जमत नाही.

आता फूटपाथवर लावलेल्या दुचाक्या. पावभाजीची गाडी. रसवंतीची खुर्ची-टेबलं. ओएसएमचा नियम स्वच्छ आहे: बांधलेलं ते नोंदवायचं, उभं केलेलं नाही. गाड्या उद्या हलतील, म्हणून त्यांच्यामुळे "फूटपाथ नाही" असं उत्तर देता येत नाही. नियम म्हणून मान्य. पण मग ज्या नकाशावर "दोन्हीकडे फूटपाथ" दिसतो त्याच रस्त्यावर माणसं डांबरावरून चालत असतात, आणि चाकाच्या खुर्चीसाठी वाट शोधणारं अ‍ॅप तो रस्ता चांगला समजून पुढे नेतं. यावर स्ट्रीटकम्प्लीटकडे उत्तर नाही.

त्याहून चीड आणणारा प्रकार फूटपाथच्या कडेच्या उंचीचा. रस्ता ओलांडण्याच्या जागी हे अ‍ॅप फूटपाथची कड उंच आहे, उतरती आहे की सपाट, असं विचारतं. ओएसएममध्ये "उंच" म्हणजे तीन सेंटिमीटरहून जास्त. बस्स. म्हणजे चार सेंटिमीटरची कड आणि आपल्याकडची गुडघ्याला आव्हान देणारी कड एकाच खणात. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं, आयआरसी 103, 2012 सालच्या आवृत्तीत कड 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको म्हणत होती. त्या मर्यादेच्या आत आणि बाहेर हा भेदच नकाशात उतरत नाही. उंचीचा आकडा वेगळ्या रकान्यात लिहिता येतो, पण त्यासाठी वेस्पुची हे ओएसएम संपादनाचं दुसरं अँड्रॉइड अ‍ॅप किंवा स्ट्रीटकम्प्लीटचीच तज्ज्ञांसाठीची आवृत्ती लागते. मोजपट्टी खिशात ठेवून फिरायची तयारी असेल तर जरूर भरावा. दहा रुपयांची शिवणकामाची टेप पुरते.

इथवर लिहून मत असं झालं होतं की हा प्रश्न बंदच करून टाकावा. सेटिंगमध्ये प्रश्नांची यादी आहे, समोरची खूण काढली की तो पुन्हा तोंड दाखवत नाही.

पण मग वरच्या बाजूला थरांचं बटण आहे तिकडे लक्ष गेलं आणि मत थोडं बदललं. फूटपाथचा थर लावला की अख्खी वस्ती रंगात दिसते: माहिती असलेले रस्ते एका रंगात, नसलेले लाल. नकाशावर प्रश्न दाखवणाऱ्या टाचण्यांच्या मागे धावायचं नाही, जो रस्ता चालतोय त्यालाच बोट लावायचं, बाजू निवडायची, गरज पडली तर तिथूनच कापायचं. हाच प्रश्न या पद्धतीने सोडवला तर वैताग निम्मा होतो, कारण शेजारच्या तुकड्यांना काय उत्तर दिलंय ते समोर दिसत असतं. जंगली महाराज रस्त्यासारख्या ठिकाणी, जिथे रुंद फूटपाथ रस्त्यापासून वेगळा आखलेला असतो, तिथे "नकाशावर स्वतंत्र दाखवला आहे" हा पर्याय निवडायचा, "आहे" हा नाही. हे न पाळल्यामुळे एकाच फूटपाथची दोनदा नोंद झालेली दिसते. म्हणून आता सल्ला असा: टाचणीवाला प्रश्न बंद, थर चालू.

बाकीचे प्रश्न भराभर सांगतो.

रस्त्याचा पृष्ठभाग: सगळ्यात समाधानाचा प्रश्न, कारण उत्तर पायाखालीच असतं. डांबर आणि काँक्रीट सोपं. पेव्हर ब्लॉकसाठी फरसबंदीवालं चित्र निवडायचं, गोट्यांच्या दगडी रस्त्याचं नाही. रोलर फिरवून दाबलेला मुरूम वेगळा, सुटी खडी वेगळी, नुसती माती वेगळी. पाइपलाइनसाठी चर खणून वर मुरूम टाकलाय म्हणून डांबरी रस्त्याचं उत्तर बदलायचं नाही. पण काँक्रीटीकरणाचं काम पूर्ण झालं असेल तर आवर्जून बदलावं. नकाशात अजून डांबर असलेले कितीतरी रस्ते आता काँक्रीटचे आहेत. काम चालू असेल तर तसं टिपण ठेवावं.

मजले: इथे आपल्या बोलीमुळे एकाची चूक ठरलेली. "चार मजली" म्हणताना आपण तळमजला धरत नाही, ओएसएम जमिनीपासून वरचे सगळे मजले मोजतं. बिल्डरच्या पाटीवर जी अधिक चार असेल तर उत्तर पाच. खाली खांबांवर पार्किंग असेल तर तोही एक मजला. गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, पत्र्याची शेड मोजायची नाही. जुन्या वाड्याच्या उतरत्या छपराखाली माळा असेल तर त्यासाठी छपरातल्या मजल्यांचा वेगळा आकडा आहे.

दुकानाच्या वेळा: दुपारची विश्रांती दोन वेळा टाकून दाखवता येते, सकाळचा एक तुकडा, संध्याकाळचा एक, त्यामुळे पुण्याची अब्रू शाबूत राहते. पाटीवर वेळ लिहिलेली नसेल तर तसंच उत्तर द्यायचं, ते वेगळं नोंदलं जातं. शटर खाली आहे म्हणून "बंद पडलंय" असं दाबून मोकळं होऊ नये. आणि गुगलवर वेळ पाहून इकडे भरायची नाही, कितीही मोह झाला तरी. परवान्याचा प्रश्न आहे, अशा नोंदी सापडल्या तर उडवल्या जातात. पाटी डोळ्यांनी वाचली असेल तरच.

नावं: पाटी मराठीत असेल तर मराठी भाषा निवडून देवनागरीत तंतोतंत टाकावं, ऱ्हस्व-दीर्घ पाटीवर आहे तसं. गल्लीच्या पाटीचं शुद्धलेखन तपासायला नकाशा नाही. अडचण येते दोन नावं असलेल्या चौकांची. अलका टॉकीजच्या चौकाचं अधिकृत नाव टिळक चौक, रिक्षावाल्याला सांगायचं मात्र अलका. स्ट्रीटकम्प्लीटमध्ये एका भाषेत एकच नाव बसतं. दुसरं नाव पर्यायी नावाच्या रकान्यात घालायला वेस्पुची उघडावं लागतं किंवा घरी येऊन संगणकावर भरावं लागतं.

पायऱ्या, बाकं, बसथांब्याला शेड आहे का, झेब्रा क्रॉसिंगला मध्ये थांबायला जागा आहे का: हे सगळं बिनबोभाट होतं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, हेच त्याचं कौतुक.

काही सतावणाऱ्या गोष्टी. जागेपासून लांब उभं राहून उत्तर दिलं की अ‍ॅप विचारतं, प्रत्यक्ष पाहिलंय ना? हेतू चांगला. पण बोळात जीपीएस भरकटलं की प्रत्येक उत्तराला तोच सवाल. अशा वेळी मोकळ्या चौकात मिनिटभर उभं राहून ठिपका स्थिर होऊ द्यावा. पावसात तर बोलायलाच नको: स्क्रीनवर थेंब पडले की फोनला ती बोटंच वाटतात आणि भलतंच बटण दबतं. डाव्या बाजूच्या मागे घेण्याच्या बटणाने केलेल्या बदलांची यादी उघडते. घरी पोचल्यावर ती एकदा चाळावी. कापणं सोडलं तर नकाशात गेलेला बदलही तिथून मागे घेता येतो.

बॅटरी जीपीएसपेक्षा स्क्रीन जास्त खाते. भर उन्हात पूर्ण उजेडावर ठेवली की टक्के घसरताना दिसतात. सावलीच्या बाजूने चालावं, परतताना दुसरी बाजू घ्यावी, आणि स्क्रीन फक्त उत्तर देण्यापुरती चालू करावी. डेटा वाचवायचा असेल तर निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवावा आणि आपोआप पाठवणं फक्त वायफायवर ठेवावं. उत्तरं फोनमध्ये साठतात, घरी आल्यावर जातात. मोबाइल डेटाचा एक पैसा लागत नाही. प्रश्नांचे वेगवेगळे संच करून ठेवता येतात: सकाळी रस्त्यांचा, संध्याकाळी दुकानांचा. क्यूआर कोडने दुसऱ्याला देताही येतात.

जे उत्तर बसत नाही तिथे टिपण ठेवता येतं, फोटोसकट. टिपण सगळ्या जगाला दिसतं, म्हणून चेहरे आणि गाड्यांचे नंबर फोटोत नकोत. "इथे चूक आहे" असलं टिपण कुणाच्याच कामाचं नाही. "दवाखान्याच्या फाटकापासून ओढ्यापर्यंत पायवाट आहे, दुचाकी जात नाही, पावसाळ्यात पाण्याखाली" असं लिहिलं तर घरी संगणकासमोर बसलेला माणूस ती रेघ काढू शकतो. तरीही टिपणं महिनोन्‌महिने पडून राहतात, कारण सोडवणारे कमी. म्हणून शक्य असेल तर आपली टिपणं आपणच घरी सोडवावीत. त्या वेळी उपग्रहचित्र काही मीटर सरकलेलं असू शकतं हे लक्षात ठेवून आधी इतरांनी चालताना नोंदलेल्या जीपीएस वाटांशी जुळवून घ्यावं, मगच नवी रेघ काढावी.

परवानगीचं विचारणारे भेटतातच. 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नकाशांबाबतचे नियम सैल केले, साध्या रस्ता-दुकान नोंदींसाठी कुणाच्या दारात जायची गरज नाही. मात्र खडकी, देहूरोड, पुणे कॅम्प या लष्करी हद्दींत फोन समोर धरून रेंगाळू नये. पहारेकऱ्याला ओपनस्ट्रीटमॅप समजावून सांगण्यात अख्खी सकाळ जाऊ शकते.

आयफोनवाल्यांना हे अ‍ॅप नाही. त्यांनी एव्हरी डोअर घ्यावं, दुकानांसाठी ते स्ट्रीटकम्प्लीटपेक्षा सरस आहे, नवं दुकान टाकायला तर फारच. अँड्रॉइडवरही मिळतं, म्हणून दुकानांच्या रस्त्यावर तेच उघडावं. रस्त्यांच्या रेघांसाठी आयफोनवर गो मॅप. दोन्ही फुकट.