डबी की पट्टी? बिल्हार्झियाच्या सर्वेक्षणाआधी

बिल्हार्झिया म्हणजे गोड्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंतांचा आजार. तो किती मुलांना आहे हे पाहायला व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या शाळेत पाऊल टाकण्याआधी एवढं ठरवावं लागतं की मुलांकडे मागायचं काय. डबीत शौच मागितलं तर काटो-कॅट्झ, म्हणजे स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली जंताची अंडी मोजायची; लघवी मागितली तर सीसीएची पट्टी, म्हणजे जंताचं द्रव्य लघवीत असेल तर रेघ उमटवणारी झटपट तपासणी. टांझानियात म्वान्झाच्या बाजूला मी दोन्ही मागून पाहिलंय. तुमचा भाग वेगळा असेल, माणसं वेगळी असतील, तेव्हा हे एकाचं मत समजून वाचा.

पट्टीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. ‘म्कोजो’ (स्वाहिलीत लघवी) हा शब्द ऐकला की वर्गात खसखस पिकते आणि थोड्या वेळात सगळ्या बाटल्या भरून येतात. दोन थेंब टाका, वीस मिनिटं थांबा. वीज नको, मायक्रोस्कोप नको. पट्टी अंडी शोधत नाही, जिवंत जंताच्या आतड्यातून रक्तात सुटणारं आणि पुढे लघवीत उतरणारं द्रव्य शोधते. त्यामुळे जंत थोडे असले तरी सापडतात. काटो-कॅट्झला असे हलके रुग्ण सर्रास चुकतात.

शौचाच्या डबीचं मात्र विचारू नका. निम्म्या रिकाम्या येतात. एकदा चार मित्रांनी एकाच्याच शौचाचे वाटे करून आणले होते. मास्तरांच्या लक्षात आलं म्हणून बरं. मग ते जाळीतून दाबा, साच्याच्या भोकात भरा, वर हिरवट ग्लिसरीनमध्ये भिजवलेलं सेलोफेन ठेवा आणि खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं दिसेपर्यंत स्लाइड दाबा. त्यात हूकवर्मची (आतड्यातल्या दुसऱ्या एका जंताची) अंडी तासाभरात विरून जातात, म्हणजे जेवण बाजूला ठेवून आधी तीच मोजायची.

हे सगळं असूनही माझा तराजू डबीकडे झुकला, तो एका पुसट रेघेमुळे.

पट्टीवर रेघ ठळक आली तर प्रश्न नाही, अजिबात नाही आली तरी नाही. पण मधली, ‘आहे की नाही’ अशी गुलाबी छटा? उकेरेवे बेटावर एका शाळेत माझा सहकारी ‘आहे’ म्हणाला, मी ‘नाही’. तो पट्टी घेऊन उन्हात गेला, मी खिडकीपाशी. दोघेही आपापल्या जागी बरोबर. वेळ टळली की रंगही बदलतो, म्हणजे संध्याकाळी तिसऱ्याला दाखवायची सोय नाही. तुलनेसाठी दहा छटांच्या छापील नमुना-पट्ट्या आता मिळतात. त्यांनी वाद कमी होतो, पण माझ्या अनुभवात मिटत नाही.

एवढ्याशा रेघेचं काय घेऊन बसलात, असं वाटेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १० टक्के किंवा त्याहून जास्त लागण असलेल्या वस्तीत दोन वर्षांपुढच्या सगळ्यांना दरवर्षी प्राझिक्वांटेल, म्हणजे या जंतावरची गोळी द्यायची. समजा ५० मुलं तपासली. ४ रेघा ठळक, ७ पुसट. पुसट सोडल्या तर ८ टक्के, धरल्या तर २२. गावाला गोळ्या मिळणार की नाही, हे पट्टी कुठल्या खिडकीपाशी धरली त्यावर ठरतं.

स्लाइडवर बाजूला काटा असलेलं अंडं दिसलं की ते दिसलंच. साच्यात ४१.७ मिलिग्रॅम मावतं, म्हणून मोजलेल्या अंड्यांच्या आकड्याला २४ने गुणलं की एका ग्रॅममागची अंडी मिळतात. ४००च्या वर गेली तर लागण जबर. माझ्यावर विश्वास नसेल तर उद्या तुम्ही तीच स्लाइड मोजा. शिवाय तिच्यातच गोल जंत आणि चाबूककृमीही कळतात, म्हणजे त्यांच्यावरच्या अल्बेंडाझोल गोळीचा निर्णयही त्याच खेपेत.

अर्थात, बऱ्याच वर्षांच्या गोळ्यांनी लागण अगदी खाली आली असेल तर पट्टीचं पारडं जड होतं, हे नाकारत नाही. फक्त ती मॅन्सोनाय, म्हणजे शौचातून अंडी टाकणाऱ्या जातीपुरती. टांझानियातल्याच शिन्यांगाकडे लघवीतून रक्त जाण्याचा हिमॅटोबियम प्रकार आहे. तिथे लघवी गाळून अंडीच शोधावी लागतात. (आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५२मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी नोंदवलेला आजारही लघवीच्याच वाटेचा.)

पट्ट्यांचं एक खोकं मी तरीही बरोबर ठेवतो, दोन दिवस ज्याची डबी रिकामी आली त्या मुलासाठी. रेघ पुसट आली तर वहीत ‘पुसट’ एवढंच लिहितो आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात पुन्हा डबी देतो.