दहावीची लेखनिक सवलत: सांगलीतील एका पालकाचा अभिप्राय

माझ्या मुलाला लेखनाची अध्ययन अक्षमता, म्हणजे डिसग्राफिया आहे. पाण्याचे असंगत आचरण तोंडी विचारले तर तो घडाघडा सांगतो. लिहायला बसला की अर्ध्या पानातच बोटे आखडतात आणि अक्षरे ओळ सोडून भरकटतात. यंदा त्याने सांगलीतून दहावीची परीक्षा दिली, आणि कोल्हापूर विभागीय मंडळाच्या मंजुरीने त्याला लेखनिक व वाढीव वेळ या दोन सवलती मिळाल्या. एखाद्या सेवेविषयी लिहावे तसेच मी त्यांच्याविषयी लिहीत आहे. सवलत उपकार म्हणून घेतली की तिच्या उणिवा बोलून दाखवायला संकोच वाटतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 17 मध्ये मात्र वाढीव वेळ, लेखनिक आणि द्वितीय व तृतीय भाषेतून सूट यांचा उल्लेख नावानिशी आहे.

प्रमाणपत्रासाठी बुद्धिमापन आणि लेखन-वाचन-गणिताच्या चाचण्या झाल्या. रुग्णालयात तीन खेपा पडल्या, त्यातली एक शाळेचे पत्र घरी विसरल्यामुळे वाया गेली. तो दोष सर्वस्वी आमचा. आमच्या परिचयातील एका मुलीला मात्र ‘अक्षमता 40 टक्के भरत नाही, लेखनिक मिळणार नाही’ असे एका ठिकाणी सांगण्यात आले. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी हीच अट लेखनिक नाकारण्यासाठी लावता येणार नाही असे स्पष्ट केले आहे. त्या निकालाची प्रत अर्जाला जोडलेली बरी.

या सेवेची खरी परीक्षा लेखनिकापाशी होते. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो, म्हणून आम्ही विश्रामबागेतील एका ओळखीच्या कुटुंबातील नववीच्या मुलीला विचारले. मंजुरी मिळाली म्हणजे काम झाले असा आमचा समज पहिल्याच सरावात मोडला. मुलगा एका दमात तीन वाक्ये सांगायचा आणि ती अजून पहिल्या वाक्यातल्या ‘कारण’पाशी असायची. भूमितीत तर ‘वर्तुळ काढ’ एवढे सांगून तो गप्प बसला; तिने ‘कुठे? केवढे?’ असे विचारल्यावर दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. पुढे ‘केंद्र ओ, त्रिज्या तीन सेंटीमीटर, केंद्रापासून सात सेंटीमीटरवर बिंदू पी’ अशा क्रमाने आकृती सांगायला तो शिकला, आणि वाक्य लिहून झाले की तिने पेन किंचित उचलायचे, मग त्याने पुढचे सांगायचे, असा संकेत त्यांनी आपसांत ठरवला. हे बसायला जवळजवळ दोन महिने गेले. सराव करून घेण्याची जबाबदारी शाळेची की पालकांची, हे आम्हाला कोणी सांगितले नाही.

वेळेची सवलत तासाला 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास आहे, आणि ती पुरेशी आहे. आमची तक्रार तिच्या अंमलबजावणीबद्दल आहे. केंद्रावर स्वतंत्र खोली होती, परंतु ती जिन्यालगत होती. मराठीच्या पेपरला 2 वाजून 10 मिनिटांनी शेवटचा टोल पडला, सगळी शाळा जिन्यावरून खाली उतरू लागली आणि पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागायला आले. मुलाची वेळ 3 वाजून 10 मिनिटांपर्यंत असल्याचे त्यांना कोणी कळवलेच नव्हते. केंद्रसंचालक येऊन खुलासा होईपर्यंत आठ मिनिटे गेली. ती नंतर भरून मिळाली, पण मुलगा निबंधाच्या मध्यावर होता. नव्याने सुरुवात करताना त्याने आधी लिहून झालेलाच परिच्छेद पुन्हा सांगायला घेतला, आणि लेखनिकाला सुचवण्याची परवानगी नसल्यामुळे ती बिचारी निमूटपणे लिहीत राहिली.

दुसऱ्या पेपरपासून मंजुरीपत्राची एक प्रत मुलाच्या पारदर्शक पाऊचमध्ये ठेवली आणि पेपर संपण्याची वेळ फळ्यावर लिहून ठेवण्याची विनंती केली. केंद्रसंचालकांनी ती लगेच मान्य केली; त्यानंतर कोणत्याही पेपरला अडचण आली नाही.

दोन वर्षांनी मुलगा बारावीला असेल तेव्हा ही मुलगी अकरावीत असेल, म्हणजे नियमात बसेल. तिच्या आईकडे आम्ही आत्ताच शब्द टाकून ठेवला आहे.